एसीची खोळ

बाळांनो,

तीन आठवड्यांपूर्वी थोरल्याने मला एक साधा प्रश्न विचारला. त्याच्या भाड्याच्या घरातल्या हीटरची दरवर्षी तपासणी करायला माणूस येतो आणि बरेच पैसे मागतो. ‘फिल्टर तर मी स्वतःच बदलतो, आजी. मग त्याला कशाला बोलवायचं?’ त्याच आठवड्यात रविवारी धाकटीने व्हिडिओ कॉलवर आमची बेडरूम पाहिली आणि विचारलं, ‘आजी, एसीचा फ्रॉक कुठे गेला?’

दोघांनाही मी ‘नंतर सांगते’ म्हणाले. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी द्यायचं, हा माझा नियम तुम्हाला माहीत आहे. या वेळी मोडला. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि ते लिहून मी दोनदा फाडलं आहे. तुमच्या बाबाला सगळं ठाऊक आहे, त्याला मीच सांगितलं. पण तो तुम्हाला सांगेल तेव्हा मला सांभाळून घेत सांगेल. म्हणून मी स्वतः लिहिते.

आमच्या लहानपणी नारायण पेठेत पंखासुद्धा पाहुणे आले तरच लावत. पुण्याच्या हवेचा आम्हाला एवढा अभिमान, की एसी घेणं म्हणजे तिचा अपमान वाटायचा. पण आजोबांचा दमा वाढत गेला, आणि समोरची इमारत पाडायला घेतल्यापासून धुळीमुळे खिडक्या उघडता येईनात. एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत ते तोंड उघडं ठेवून बसायचे. मग तुमच्या बाबाने तिकडे बसून फोनवरूनच एसी मागवला. आजोबा आठ दिवस कुरकुरले, नवव्या दिवशी दुपारी दोन तास शांत झोपले. त्यांचा श्वास एकसारखा चालतोय हे ऐकत मी शेजारी बसले होते. त्या दिवशी मी त्या यंत्राला मनातल्या मनात नमस्कार केला.

पहिल्या वर्षी सर्व्हिसिंग फुकट होतं. दुसऱ्या वर्षी जवळच्याच एका एजन्सीचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट घेतलं, अठ्ठावीसशे रुपयांचं. त्यांचा माणूस आला, पुढची जाळी काढून बेसिनच्या नळाखाली धरली, बाहेरच्या यंत्रावर दोन मग पाणी मारलं आणि कागद पुढे केला. घड्याळ लावून अकरा मिनिटं.

‘मॅडम, गॅस कमी झालाय. भरावा लागेल. अडीच हजार.’

‘मोजलात?’

‘मोजायला नाही लागत. हवेवरून कळतं.’

‘असं का. मग डॉक्टरांनाही सांगते, थर्मामीटर ठेवून द्या, चेहऱ्यावरून ताप कळतो.’

तो हसला नाही. मीही नाही. गॅस भरला नाही, तरी एसी गार हवा देतच राहिला, आणि आपण फसवले जात होतो याची मला खात्री पटली.

खरं सांगायचं तर पैशापेक्षा मला त्या भेटीचीच धास्ती वाटायची. घरात आम्ही दोघंच म्हातारी. एक अनोळखी माणूस, हातात पकडी-पान्यांची पिशवी, आणि त्याला थेट बेडरूमपर्यंत न्यायचं. तो स्टुलावर चढलेला असे आणि मी कपाटाला पाठ लावून उभी. रोजच्या पेपरात एकट्या म्हाताऱ्यांच्या बातम्या येतातच. तो गेला की मी दाराची साखळी लावून सगळ्या खोल्यांतून एकदा फिरून यायची. नुसतं जाळी धुण्यासाठी हे सगळं कशाला, असं मला वाटू लागलं. जाळी काढणं तर डबा उघडण्याइतकं सोपं होतं.

तेव्हा गेल्या वर्षी मी कॉन्ट्रॅक्ट बंद केलं. बाबाला कळवलं नाही. तो तिकडून कॉन्ट्रॅक्टचे पैसे पाठवत होता, ते मी त्याच्याच नावाने बाजूला ठेवले.

एसीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक आमच्या घरात मी एकटीने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं होतं, हातात पेन्सिल घेऊन. जाळी महिन्यातून एकदा धुवावी, या वाक्याखाली मी रेघ मारली. आतला भाग वर्षातून एकदा जाणकाराकडून धुऊन घ्यावा, या वाक्यासमोर मी प्रश्नचिन्ह काढलं. कंपनीच्या पोटापाण्याचं वाक्य, असं मी आजोबांना म्हणाले होते. ते प्रश्नचिन्ह अजून तिथे आहे. मी खोडलेलं नाही.

आणि मी खोळ शिवली. आपल्या घरात मिक्सरला खोळ आहे, शिलाई मशीनला आहे, आजोबांच्या नकाशे काढायच्या फळीलाही आहे. उन्हाळा संपल्यावर एसी धूळ खात उघडा ठेवणं मला जमलंच नसतं. निळ्या बारीक फुलांच्या जुन्या पडद्याची खोळ केली, खाली झालर लावली, आणि धूळ अजिबात शिरू नये म्हणून आतून जुन्या रेनकोटचं अस्तर दिलं. धाकटीने फोनवर पाहून तिला फ्रॉक म्हटलं. मला फार आवडलं होतं ते.

जूनमध्ये पुस्तकात लिहिल्याप्रमाणे अर्धा दिवस नुसता पंखा चालवून एसी आतून सुकवला आणि मग खोळ घातली. इथवर सगळं बरोबर होतं. पण माझ्या कॅलेंडरवर प्रत्येक एक तारखेला ‘जाळी’ असं लिहिलेलं होतं. एसी बंद आहे, जाळी मळलेलीच नाही, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. एक जुलैला खोळ काढली, जाळी धुतली, फडक्याने टिपली, बसवली, वर खोळ. एक ऑगस्टला तेच. एक सप्टेंबरला तेच. गेल्या वर्षीचा पाऊस तुम्हाला आठवत असेल, खडकवासल्यातून सोडलेलं पाणी आपल्या पुलाखालून जाताना मी तुम्हाला फोनवर दाखवलं होतं. घरात रुमालसुद्धा दोन दिवस वाळत नव्हता. आणि मी ओली जाळी आत घालून वरून रेनकोटने झाकत होते.

ऑगस्टमध्येच आजोबा म्हणाले होते, ‘अगं, इथे ओल्या फडक्यासारखा वास येतोय.’

‘पाऊस आहे. सगळीकडेच येतोय.’

‘एसीच्या बाजूने येतोय.’

‘एक तारखेला धुतलाय मी तो.’

‘बरं,’ आजोबा म्हणाले. एक तारीख म्हटल्यावर ते पुढे बोलत नाहीत. पन्नास वर्षांची सवय.

ऑक्टोबरचं ऊन तापलं तशी मी खोळ काढली आणि एसी लावला. तिसऱ्या दिवशी आजोबांना खोकला सुरू झाला. पाचव्या दिवशी जिना सोडाच, बाथरूमपर्यंत जाताना ते दाराच्या चौकटीला धरून थांबले. हवा बदलली म्हणून होतं असं, असं म्हणत मी त्यांना एसीच्या गार हवेतच निजवत होते. त्यांना धाप लागली की मी एसी आणखी एक अंश कमी करायची.

छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. या बाई डॉक्टर गेली सहा वर्षं आजोबांना पाहतात. त्यांनी विचारलं, ‘काकू, घरात ओल? कबुतरं?’

‘नाही.’

‘एसी साफ असतो?’

‘दर महिन्याला, एक तारखेला,’ मी म्हणाले. वर कौतुकाची वाट पाहिली. त्यांनी मान डोलावली, जंतुसंसर्ग धरून औषध लिहून दिलं आणि आठ दिवसांनी यायला सांगितलं.

औषधाने फरक पडेना. खोली पुरेशी गार होत नसेल, असं माझ्या मनाने घेतलं. खालच्या औषधाच्या दुकानदाराला विचारून मी एका एसी दुरुस्त करणाऱ्याला फोन केला. तो येरवड्याला राहतो, पन्नाशीचा आहे. ‘मावशी, उद्या शुक्रवार आहे. नमाज झाली की तीनपर्यंत येतो,’ म्हणाला आणि तीनला पाच कमी असताना बेल वाजवली. चपला बाहेर काढल्या. त्याचे आजोबा कॅम्पात पत्र्याच्या ट्रंका बनवायचे, वडील फ्रीज दुरुस्त करायचे, हे त्याने स्टुलावर चढता चढता सांगितलं. तुमच्या आजोबांना मी बाहेरच्या खोलीत बसवलं होतं.

त्याने आधी जाळी काढून पाहिली. ‘जाळी चकाचक आहे हं.’

‘मीच धुते.’

‘आणि ही खोळ कुणी शिवली?’

‘मीच.’

‘छान शिवलीय,’ तो म्हणाला आणि अस्तर चिमटीत धरून उलटं केलं. मग त्याने एसीचं पूर्ण झाकण उतरवलं आणि बॅटरीचा उजेड आत टाकला. थोड्या वेळाने स्टुलावरून उतरून मला म्हणाला, ‘मावशी, तुम्ही चढू नका. मी फोटो काढतो.’

फोटोत एसीच्या आतला लांब गोल पंखा दिसत होता. त्याच्या पात्यांवर काळी लव होती, शिळ्या भाकरीवर येते तशी, पण दाट. मागच्या पत्र्यांमध्येही तीच. समोर माझी स्वच्छ जाळी आणि तिच्यामागे हे. मी कॉटवर बसले.

‘जाळी ओली बसवत होता का?’

‘फडक्याने टिपून.’

‘आणि वर खोळ.’ तो हळूच म्हणाला, ‘बुरशीला आणखी काय पाहिजे? एवढी माया कुणी करत नाही.’ माझा चेहरा पाहिला असेल, कारण लगेच म्हणाला, ‘बऱ्याच घरांत असतं, मावशी. तुमच्या एकटीचं नाही.’

बाहेरून आजोबांच्या खोकल्याचा आवाज आला. त्याने दाराकडे पाहिलं. ‘काका आजारी आहेत?’

‘दमा आहे.’

‘मग डॉक्टरांना हे सांगा. फोटो पाठवतो तुम्हाला. आजच सांगा.’

त्याने तो लांब पंखा बाहेर काढून गच्चीवर नेऊन धुतला, आतले पत्रे औषध मारून धुतले. अडीच तास लागले. थोरल्या, तू पैशाचं विचारलंस म्हणून लिहिते. त्या धुण्याचे त्याने सोळाशे घेतले. साधं सर्व्हिसिंग सहाशे, वर्षातून दोनदा पुरे, उन्हाळ्याआधी एक आणि पावसाळ्यानंतर एक. गॅसचं विचारलं तर म्हणाला, ‘गॅस काय तेल आहे का जळायला? तो गळतो. गळत नसेल तर भरायचा कशाला?’ म्हणजे त्या एजन्सीच्या माणसाबद्दल माझा संशय खरा होता. त्या संशयापायी मी सगळ्याच माणसांना दाराबाहेर ठेवलं, हेही तितकंच खरं.

तो गेला. मी एसी बंदच ठेवला. खोळ घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातली, म्हटलं उद्या डॉक्टरांना दाखवू.

आणि दुसऱ्या दिवशी मी दाखवली नाही.

हे मला सगळ्यात जड जातंय. पिशवी माझ्या पर्समध्ये होती, पर्स मांडीवर होती. डॉक्टर आजोबांच्या पाठीला नळी लावून ऐकत होत्या. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. पण मला दिसत होतं की त्या मान वर करून माझ्याकडे बघतील आणि म्हणतील, एक तारखेला धुता म्हणालात ना? मग बाबाला कळेल की कॉन्ट्रॅक्ट नाही. मग तो म्हणेल की आता तुम्ही दोघं एकटे राहू शकत नाही, आणि या वेळी माझ्याकडे उत्तर नसेल. आणि या सगळ्याच्या तळाशी, जे मी स्वतःशीही म्हणत नव्हते, ते हे, की आजोबांना काही झालं तर ते माझ्या हातून झालेलं असेल. धुतलेल्या, टिपलेल्या, स्वच्छ हातांनी. न सांगितलं तर कदाचित ते खरं ठरणार नाही, असं काहीतरी वाटत होतं. शिकलेल्या माणसालाही असं वाटू शकतं, हे लक्षात ठेवा.

डॉक्टरांनी तेच औषध थोडं वाढवून दिलं. आम्ही घरी आलो.

संध्याकाळी बाबाचा फोन. ‘आई, एसीवाले येऊन गेले ना?’

‘हो, येऊन गेले,’ मी म्हणाले. हेही वाक्य खरंच होतं.

पुढचे तीन दिवस मी आजोबांचे श्वास मोजले. हातात घड्याळ घेऊन, ते झोपले आहेत असं समजून. मिनिटाला चोवीस. मग सव्वीस. कणीक मळतानाही माझे कान त्या खोलीकडे. खोकला थांबला की जास्त भीती वाटायची, मी पिठाच्या हातांनी दारापर्यंत जायची. ते उशीला टेकून बसलेले असायचे आणि विचारायचे, ‘काय गं?’ मी म्हणायची, ‘काही नाही, चहा ठेवू का?’ त्या तीन दिवसांत मी त्यांना किती चहा विचारला याला गणती नाही.

आता तुम्हाला आजोबांची पेपर वाचायची पद्धत आठवा. सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात गेल्यामुळे ते धरणांची बातमी मोठ्याने वाचतात, कुणी ऐको न ऐको. कुठल्या धरणात किती टक्के, किती पाणी सोडलं. मधेच ‘छापणाऱ्याला काही कळत नाही’ असं म्हणतात आणि पुढे जातात. धाकटी लहानपणी त्यांच्यासारखं वाचून दाखवायची.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी पेपर उचललाच नाही. दुपारी दीड वाजता मागितला. मी दिला. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं, ‘खडकवासला प्रकल्पातील चारही...’ आणि थांबले. श्वास घेतला. ‘चारही...’ पुन्हा थांबले. तोंड उघडं, खांदे वर, आणि गळ्याखालची ती खळगी आत ओढली जात होती. मग त्यांनी पेपर घडी करून माझ्याकडे दिला. म्हणाले, ‘तू वाच.’

पन्नास वर्षांत त्यांनी मला पेपर वाचून दाखवायला कधी सांगितलं नव्हतं.

दुपारी दीड वाजता कुणाला फोन करू नये, हे आपल्या पेठेत लहान मूलही जाणतं. मी डॉक्टरांच्या मोबाइलवर फोन केला. त्या उचलतील की नाही, इतकीच भीती त्या क्षणी उरली होती. बाकीच्या सगळ्या कुठे गेल्या ते कळलं नाही.

‘डॉक्टर, आमच्या एसीच्या आत बुरशी होती. दहा-बारा दिवस ती हवा त्यांनी घेतली. मला गेल्या शुक्रवारी कळलं. शनिवारी तुमच्याकडे आले तेव्हा सांगितलं नाही.’

त्या लगेच म्हणाल्या, ‘काकू, काकांना आत्ता हॉस्पिटलमध्ये घेऊन या. मी निघतेय. रिक्षा बघत बसू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा.’

फोन ठेवून वळले तर आजोबा माझ्याकडेच बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. एकेक शब्द वेगळा काढत म्हणाले, ‘वास... मी... सांगितला होता.’

‘हो. सांगितला होतात.’

त्यांनी माझा हात धरला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सोडला नाही.

ते सहा दिवस हॉस्पिटलमध्ये होते, पहिले दोन अतिदक्षता विभागात. औषध पूर्ण बदललं. मी बाहेरच्या बाकावर बसून तुमच्या बाबाला फोन केला आणि सगळं सांगितलं, कॉन्ट्रॅक्टपासून. त्याने विचारलं, ‘आई, तू जेवलीस का?’ तेवढ्यानेच मला रडू आलं. तिसऱ्या दिवशी तो इथे पोचला. तुम्हाला ऑफिसचं काम आहे असं सांगून आला होता, त्याला तसं सांगायला मीच भाग पाडलं होतं. त्याबद्दल तुमची माफी मागते.

डॉक्टरांना मी शेवटी स्पष्ट विचारलं. ‘त्यामुळेच झालं का?’

‘त्यामुळेच झालं असं मी सांगू शकत नाही, काकू. त्याचा हात नव्हता, असंही नाही सांगू शकत.’ मग त्या म्हणाल्या, ‘आधी कळलं असतं तर औषध आधी बदललं असतं. एवढं मात्र सांगू शकते.’

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचं ते ‘आधी कळलं असतं तर’ मी रोज कुठेतरी ऐकते, विशेषतः दुपारी.

बाबाने आम्हाला तिकडे चला किंवा निदान पूर्ण वेळ कुणीतरी ठेवा, असं सांगून पाहिलं. तूर्त एवढं ठरलं आहे, की सकाळी एक बाई येतात आणि दुपारी चारला जातात. जाताना विचारतात, ‘काही राहिलं नाही ना, आजी?’ पुढचं पुढे. येरवड्याचा तो माणूस या महिन्यात येऊन गेला, उन्हाळ्याआधीच्या सर्व्हिसिंगला. मी कपाटाला पाठ लावून उभी राहिले नाही, पण दाराशी मात्र उभी होते. ही सवय जाईल असं वाटत नाही. झाकण काढलं की तो मला फोटो दाखवतो, मी चष्मा लावून नीट पाहते. भीती वाटते, तरी पाहते.

तेव्हा थोरल्या, त्या माणसाला बोलाव आणि पैसे दे. तुझा फिल्टर स्वच्छ असेल यात मला शंका नाही. त्याला मागचं झाकण काढायला सांग, आणि तू स्वतः बघ. काही दिसलं तर ज्याला सांगायचं त्याला त्याच दिवशी सांग.

आणि धाकटे, तो फ्रॉक मी टाकून दिला. कापड चांगलं होतं, धुऊन पिशव्या झाल्या असत्या. पण मला ते घरात नको होतं.

आजोबा आता हे शेजारच्या खुर्चीत बसून ऐकताहेत, कारण मी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवते. पन्नास वर्षांची ‘बरं’ म्हणायची सवय त्यांनी सोडली आहे. काल म्हणाले, ‘डाळीला वास येतोय.’ मी डाळ ओतून दिली.

जिना ते आता उतरू शकत नाहीत. गॅलरीपर्यंत जातात, मध्ये एकदा थांबून. रोज सकाळी धरणांची बातमी मोठ्याने वाचतात. पूर्वी एका दमात वाचायचे, आता तीन दमांत वाचतात, आणि शेवटपर्यंत वाचतात.